बग्गी फक्त पाहुण्यांसाठी

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

तिसऱ्या होलवर मला बग्गीतून उतरवलं. विनातिकीट प्रवाशाला एस.टी.तून उतरवतात तसं.

दहा महिन्यांनी गोल्फच्या मैदानावर गेलो होतो. साखरेनं उजवा पाय गुडघ्याखाली नेला, त्यानंतर पहिल्यांदा. क्लबचा सेक्रेटरी ओमकार फोनवर म्हणाला होता, "या की अण्णा, बग्गी नुसती उभीच असतीया." गेलो. पहिला होल सहा फटक्यांत, दुसरा पाचात. खोट्या पायावर उभं राहून चेंडू मारता येतो – माझं मलाच खरं वाटेना. जमत नाही ते एवढंच – चेंडू जिथं पडला तिथवर चालत जाणं. त्यासाठी बग्गी. चार चाकं, बॅटरी, वर छप्पर. यात कुणाचं काय जातंय?

वॉचमन सायकलवरून आला. मान खाली. "साहेब, कमिटीचा निरोप हाय. खेळणाऱ्यानं बग्गीत बसायचं न्हाय. शेडवर पाटी हाय बघा."

पाटी आहे खरी. 'बग्गी फक्त पाहुण्यांसाठी. खेळाडूंनी चालत जावे.' इतकी वर्षं तिच्याखालून गेलो, कधी मान वर करून वाचली नव्हती.

मारुतीराव, माझा खेळातला जोडीदार, त्याच्या खांद्यावर हात टाकून परत आलो. सहाशे बावीस पावलं. मोजली, कारण दुसरं काही मनात आणलं असतं तर तोंडातून शिवी गेली असती.

व्हरांड्यात पाच-सहा जण चहा पीत बसलेले. खांबाआडून कुणीतरी म्हणालं, "चालता येत न्हाय त्यानं घरात कॅरम खेळावं." आणि हसले. जोक जुना आहे, सगळ्यांना पाठ आहे, अशा हिशेबानं हसले.

बेळगावच्या उद्यमबागेत, ओतकामाच्या कारखान्यांत, चाळीस वर्षं काढली मी. ओतलेल्या मालावर हातोडी टिचकवली की आत तडा आहे का नाही ते आवाजावरून सांगतो. बोलणारा कोण ते खांबामुळं दिसलं नाही. पण वाक्य त्याचं स्वतःचं नव्हतं, उसनं होतं – हे ऐकताक्षणी कळलं. ज्याच्या तोंडातून ते पहिल्यांदा निघालं, तो माणूस मला एकदा भेटायला पाहिजे.

मारुतीराव तेवढा हसला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पायाच्या खुंटाला फोड. दोन दिवस कुबड्या. बायको तारामती मलम लावताना एवढंच म्हणाली, "चेंडू गेला की भोकात? मग झालं की. आता बसा गप." गप बसणारा असतो तर निपाणीत तंबाखूच्या वखारीतच राहिलो असतो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

क्लबात गेलो. ऑफिसात क्लार्क. ओमकार कुठं? "मीटिंग सर. नाळे बन्नि." म्हणजे उद्या या. मी खुर्ची ओढून बसलो. पाऊण तासानं ओमकार आतल्याच खोलीतून बाहेर आला. मीटिंग त्याची चहाबरोबर चालली होती – कपाचा आवाज मला येत होता.

"अण्णा, रूल हाय. माझ्या हातात काय न्हाय."

"कशासाठी हाय?"

"ग्रीन खराब होतंय. चाकं रुततात. हिरवळीला लई जपावं लागतंय बघा."

"आणि पाहुणे बसतात तेव्हा चाकं वर उचलून धरता काय रं?"

हसला. पोरगा वाईट नाही. पण वाईट नसलेली माणसंच असली कामं नीट करतात.

"रूल कुणी केला?"

"जुना हाय. माझ्या आधीचा."

"पुस्तकात असेल की. दाखव."

"बघावं लागंल, अण्णा. कपाटाची किल्ली..."

किल्ली त्याच्या कमरेला वाजत होती.

रविवार, १७ नोव्हेंबर

बग्गी घेतली! स्वतःची. गोव्यातल्या एका हॉटेलनं काढून टाकलेली, कणकुंबीच्या घाटातून टेम्पोत घालून आणली. छपराला भोक, सीट फाटलेली, पण मोटर ठणठणीत. भरमूनं – माझा फिटर, बावीस वर्षं माझ्याकडं आहे – एका दिवसात चाकं बदलली. रुंद, मऊ, हवा कमी. स्वतः चाकाखाली हात ठेवला आणि मला म्हणाला, "चालवा मालक हातावरनं." चालवली नाही. पण चालवली असती तर हात मोडला नसता, असं तो सगळ्या कामगारांना सांगत सुटलाय.

तारामती दारात उभी. "ह्या वयात बग्गी? परत वरात काढायचीया काय?"

"तू बसतीस काय शेजारी?"

"मला न्हाय बाई. आधी पाहुणे व्हा त्यांचे, मग बसा म्हणावं." पाटीचं मी तिला सांगितलं होतं. बाई विसरत काही नाही.

१९ जानेवारीला जोडीचा कप आहे. नावं द्यायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. मारुतीराव आणि मी नऊ वेळा खेळलो, एकदाही जिंकलो नाही. मागच्या वेळी एका फटक्यानं गेला, आणि पुढच्या पंधरवड्यात मी हॉस्पिटलात. तेव्हाच ठरवलं होतं – पाय राहो, जावो, हा कप एकदा खेळणार.

कपाचं काय घेऊन बसलोय? पत्र्याचा आहे. पण २००३ साली भरमूचे बूट घालून मी पहिल्यांदा तिथं गेलो, तेव्हा माझ्याबरोबर खेळायला कुणी उभं राहिना. कारखाना नवा, हातावर भट्टीचे डाग, इंग्रजी तुटकं. सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या. मारुतीराव एकटा पुढं आला – खानापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, पाटबंधारे खात्यात इंजिनियर. "चला, मला बी कोण न्हाय," म्हणाला. त्याला जोडीदार होता. मला नंतर कळलं.

त्यासाठी खेळायचंय.

रविवार, २४ नोव्हेंबर

गेटवरच अडवलं. बग्गी टेम्पोतून उतरवूसुद्धा दिली नाही. वॉचमननं ओमकारला फोन लावला, ओमकारनं कुणाला तरी लावला, मग निरोप: "बाहेरचं वाहन चालणार न्हाय. मैदानाचं नुकसान होतंय."

मी गेटच्या गजाला धरून उभा. आणि समोरून गवत कापायचा ट्रॅक्टर गेला! दीड टनाचा. मागं लोखंडी रोलर. दुसऱ्या होलच्या मधोमध, आरामात, रेडिओ लावून.

वॉचमनला म्हटलं, "ते काय चाललंय?"

तो म्हणाला, "ते कामाचं हाय साहेब."

म्हणजे मी बिनकामाचा. बरोबर आहे. दहा हजार पंप जातात वर्षाला माझ्या कारखान्यातून, संकेश्वरच्या ऊसवाल्याचं पाणी माझ्या पंपानं वर चढतं, पण इथं मी बिनकामाचा. परत जाताना उद्यमबागेच्या वळणावर भरमू म्हणाला, "मालक, मोजूया की."

रविवार, १ डिसेंबर

मोजलं.

साच्याची वाळू किती घट्ट बसलीय ते बघायचं एक छोटं घड्याळ असतं आमच्याकडं. वाळूवर दाबायचं, काटा फिरतो. कमी फिरला तर वाळू भुसभुशीत, जास्त फिरला तर ठणक. मी शिकलो तेव्हा घड्याळ नव्हतं, अंगठा होता. अजून आधी अंगठाच दाबतो, मग घड्याळ.

सकाळी सातला मागच्या फाटकातून गेलो. मष्णू माळ्यानं उघडलं. त्याचं हिरवळीवर इतकं प्रेम, की तो स्वतः चप्पल काढून चालतो. त्याच्यासमोर सगळं केलं – बग्गी नेली, चाकाखालची माती तपासली. ट्रॅक्टर गेलेल्या जागी तपासली. मग न दबलेल्या जागी. प्रत्येक ठिकाणी दहा वेळा. भरमूनं वहीत लिहून घेतलं.

न दबलेली जागा: ४१. माझी बग्गी: ४४. ट्रॅक्टर: ७८. आणि एक मजा – चौथ्या होलला कोण तरी जाड माणूस नुसता उभा राहून स्टिक फिरवून गेला असेल, त्याच्या टाचेच्या खुणेत ५२! अध्यक्षांचं वजन शंभरच्या वर आहे. नाव घेत नाही.

मष्णूनं चाकाच्या खुणेवर अनवाणी टाच दाबून स्वतः बघितलं. "तुमच्या चाकानं काय बी होत न्हाय, अण्णा. मी सांगतो की कुणालाबी."

मग कडेच्या वडाखालच्या सिमेंटच्या बाकाकडं बोट करून म्हणाला, "ते मास्तर असते तर त्यांना बी बरं झालं असतं."

"कोण मास्तर?"

"आण्णाप्पा मास्तर. संकेश्वरचे. कमरेचं ऑपरेशन झाल्यावर काठी घिऊन यायचे. दोन होल खेळायचे, मग हितं बसायचे. मग बंदच झाले."

आठवले. हायस्कूलचे हेडमास्तर, बारीक, पांढरी टोपी. फटका इतका सरळ, की दोरी धरून मारल्यागत. मध्येच यायचे बंद झाले. नंतर एकदा बाजारात भेटले तर माझ्याकडं न बघता निघून गेले. मला वाटलं, असेल मास्तरकीचा ताठा.

वाईट वाटलं. त्यांना ह्याच पाटीनं घालवलं असणार. जाताना पाटीकडं बघून मी थुंकलो. मष्णूनं बघितलं.

बुधवार, ४ डिसेंबर

मारुतीराव घरी आला. तारामतीनं पोहे दिले, त्यानं निम्मे ठेवले – हे त्याच्याकडून कधी होत नाही.

मी आकडे दाखवले. त्यानं बघितले, मान हलवली. "चांगलं काम केलंयस. हे दे कमिटीला. मिळंल परवानगी."

"आधी ठरावाचं पुस्तक दाखवा म्हणणार. कुणी केला रूल, त्याचं नाव सगळ्यांसमोर वाचणार."

"ते कशाला?"

"कशाला म्हणजे? आण्णाप्पा मास्तर घरात बसले ह्या रूलमुळं. मी बसणार होतो. केला कुणी, कळू दे की गावाला."

"सुकुमार. परवानगी घे, खेळ. पुस्तक सोड."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस रं?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुला खरंच आठवत न्हाय?"

"काय आठवायचं?"

"काय न्हाय."

गेला. गेटपर्यंत पोचवायला मी उठलो नाही.

तर हे असं आहे. व्हरांड्यातल्या त्या टोळक्यात त्याचं रोजचं उठणं-बसणं. त्यांच्यातल्याच कुणाला तरी झाकतोय. वीस वर्षांची जोडी, आणि माणूस मला पुस्तक सोड म्हणतो! सरळ माणसाला वळण यायला वेळ लागत नाही. मीही दुसरा जोडीदार बघू शकतो. बघणार नाही, ते वेगळं.

रविवार, १५ डिसेंबर

दिव्या बेंगळूरहून आली. बापाचं पत्र तिनं टाइप केलं. मी तोंडी सांगितलेलं तिनं अर्धं गाळलं. "आप्पा, 'निर्लज्ज' दोनदा आलंय. एकदाच ठेवू?" एकदा ठेवलं. मग तेही काढलं. अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा उल्लेख तिनं घातला, वजन आलं.

तीन मागण्या. एक, मला बग्गी. दोन, पाटी काढा. तीन, मूळ ठराव पुस्तकासह सभेत ठेवा, मांडणाऱ्याच्या आणि अनुमोदन देणाऱ्याच्या नावासह.

दिव्या म्हणाली, "तिसरी मागणी कशाला? जिंकायचंय का भांडायचंय?"

दोन्ही.

गुरुवार, १९ डिसेंबर

उत्तर आलं. रविवारी पाचला सभा. ओमकारचा फोनही आला: "अण्णा, बग्गीचं होईल. पुस्तक तेवढं..." मी फोन ठेवला.

रविवार, २२ डिसेंबर

सूर्यास्तानंतर आम्हा जैनांना जेवण नाही, म्हणून आधीच जेवून गेलो. सहा जण टेबलाभोवती. मारुतीराव कमिटीत नाही, पण आलेला, दाराजवळ भिंतीला टेकून. मष्णूलाही मी बोलावलं होतं. तो आत यायला तयार नव्हता, पायरीवर उभा.

मी वही उघडली. आकडे वाचले. घड्याळ टेबलावर ठेवलं, म्हटलं, "कुणाला शंका असेल त्यानं बाहेर येऊन दाबून बघावं." कुणी उठलं नाही. जाड माणसाच्या टाचेचा आकडाही वाचला. अध्यक्षांनी खुर्चीत अंग आवरून घेतलं. दोघं हसले. सभा माझ्या हातात आली, ते मला कळलं – ओतताना रस साच्यात बरोबर चाललाय ते जसं कळतं.

दहा मिनिटांत मंजूर. 'विशेष बाब म्हणून, श्री. सुकुमार मगदूम यांच्यापुरती बग्गीस परवानगी.' अध्यक्ष उठून हात मिळवायला आले.

मी हात दिला नाही. "पुस्तक," म्हटलं.

ओमकार म्हणाला, "अण्णा, झालं की तुमचं काम. आता कशाला?"

"माझं झालं. मास्तरांचं?"

दारातून मारुतीराव, "सुकुमार, चल घरी."

"पुस्तक काढ, ओमकार. नाहीतर उद्या मी हीच वही कायद्याच्या ऑफिसात नेऊन ठेवतो."

किल्ली कमरेची निघाली. लाल कापडी बांधणीचं जाड पुस्तक. ओमकारनं पान आधीच हुडकून ठेवलेलं, त्यात कागदाची पट्टी होती. वाचायला तो तयार होईना. मीच चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागलो, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

'दि. १० जुलै २०१६. श्री. आण्णाप्पा मास्तर यांचा बग्गी मिळणेबाबतचा अर्ज. पावसाने मैदान मऊ असल्याने व नवीन हिरवळीचे नुकसान होत असल्याने नामंजूर. यापुढे बग्गी फक्त पाहुण्यांसाठी. ठराव मांडणार...' – ते गेले बिचारे, तेव्हाचे कॅप्टन – 'अनुमोदन...'

तिथं मी थांबलो.

पुढची सही ओळखायला चष्मा लागत नव्हता. 'म'च्या खालून लांब शेपूट ओढतो मी. बँकेत, बिलांवर, दिव्याच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर. तीच.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गाडीपर्यंत मारुतीराव बरोबर आला. "म्हणून म्हणत होतो मी," एवढंच म्हणाला. मग, "मास्तर त्या दिवशी दारात उभे होते. अर्जाचं काय झालं ते इचारायला आलते."

"आणखी काय?"

"आणखी काय न्हाय."

तडा होता त्या आवाजात. पण मी पुढं विचारलं नाही.

सोमवार, २३ डिसेंबर

आठवायला बसलो. पाऊस होता. हिरवळ नवी अंथरलेली. कमिटीवर माझी पहिलीच सभा. पुस्तक फिरत आलं, मी सही केली. सगळेच करत होते. सही म्हणजे काय, कागद पुढं सरकवायचा रस्ता.

त्या दिवशी सगळे माझ्याशी फार गोड वागले, एवढं स्वच्छ आठवतंय. तेरा वर्षांत पहिल्यांदा पाठीवर थाप पडली. चहा झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "मगदूम, तुम्ही आमचेच की हो." घरी येऊन तारामतीला सांगितलंही होतं. का वागले, ते आठवत नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर

क्लबाला पत्र दिलं. दिव्या नाही, हातानंच लिहिलं. '२०१६ चं माझं अनुमोदन मागं घेतो. पाटी काढा. एकट्या माझ्यापुरती परवानगी नको. चालता न येणाऱ्या सगळ्यांना द्या, नाहीतर मला देऊ नका.' सही करताना शेपूट ओढलं नाही.

मारुतीरावाला फोन केला. कपाची तारीख जवळ आहे, कमिटीनं ऐकलं नाही तर तुझी जोडी मोडेल, म्हटलं. तो म्हणाला, "मग बाकड्यावर बसू की दोघं. वडाखाली सावली हाय." वीस दिवस मी ह्या माणसावर दात खात होतो.

बुधवार, २५ डिसेंबर

संकेश्वरला जाऊन आलो.

मास्तर सोप्यात खुर्चीवर. काठी भिंतीला. समोर कॅरम बोर्ड, सोंगट्या मांडलेल्या. माफीचं वाक्य मी गाडीत चार वेळा म्हणून बघितलं होतं. ते काढायच्या आत त्यांची नजर माझ्या पायावर गेली. बराच वेळ तिथंच राहिली.

"'चालता येत न्हाय त्यानं घरात कॅरम खेळावं,'" ते म्हणाले. "काय सुंदर बोललात हो त्या दिवशी, मगदूम. सगळी सभा हसली. दारापर्यंत ऐकू आलं."

आवाज चढलेला नव्हता. वर्गात चुकलेलं गणित फळ्यावर सोडवून दाखवावं, तसा.

मग काठीनं स्टूल माझ्याकडं सरकवलं. बोर्डावर पावडर टाकली, स्ट्रायकर माझ्या हातात दिला.

"बसा. सुरुवात तुम्ही करा."